डाव्या हातातलं कमळ

परभणी तालुक्यातल्या चार गावांच्या बुद्धविहारांत भिंतीवर कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी आहे आणि चारही ठिकाणी त्याचं कमळ चुकीच्या हातात आहे. ते माझ्यामुळे. ही गोष्ट मला अठ्ठावीस वर्षं माहीत होती आणि परवापर्यंत मी ती कुणालाही, अगदी घरातसुद्धा, सांगितली नव्हती. ज्यांनी ती चित्रं काढली ते आर्टिस्ट सुदाम, माझे सुदामभाऊ, गेल्या महिन्यात गेले. वत्सलावहिनींचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत एका गिऱ्हाइकाच्या पासपोर्ट फोटोची पार्श्वभूमी पांढरी करत होतो. "भावजी, हे गेले," एवढंच त्या बोलल्या. मी आलोच म्हणालो, फोन ठेवला आणि ती पार्श्वभूमी पुरती पांढरी केली, प्रिंट काढली, कापली, पाकिटात घातली, मग उठलो. त्या दहा मिनिटांत मला काय वाटलं तेही सांगून टाकतो. दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं… आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं.

माझ्या स्टुडिओची पाटी त्यांनीच रंगवली होती, तिथून ओळख. मी पंचविशीतला, ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. पट्टी न लावता, खडूची रेघ न ओढता ते सरळ अक्षर काढायचे आणि मधेच खाली उतरून लांबून डोळा बारीक करून बघायचे. फ्लेक्स यायच्या आधीची निम्मी परभणी त्यांच्या अक्षरात होती, असं म्हटलं तरी चालेल. रोज दुपारी माझ्याकडे चहाला येत आणि मला डिवचत, "तू बटण दाबतूस, मी दिवसभर शिडीवर लटकतो. आन लोक साहेब कुणाला म्हणतात, तर तुला." आम्ही लिंगायत, ते बौद्ध, आमच्या मैत्रीत हे कधी आडवं आलं नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो. ते खरं नाही, आणि का नाही, ते पुढे येईल.

झरीच्या विहाराची भिंत रंगवायचं काम त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांना अजिंठ्याचा पद्मपाणी काढायचा होता. कॅलेंडरवरचा नको, नीट मोठा, रेषा न् रेषा दिसेल असा फोटो हवा होता. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी कॉलेजच्या ग्रंथालयातून जाड पुस्तक दोन दिवसांसाठी आणून दिलं. मी त्यातल्या चित्राचा फोटो काढला आणि डार्करूममध्ये हातभर मोठी कृष्णधवल प्रिंट करून दिली. घाईत निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, फोटो मोठा करायच्या यंत्रात, उलटं बसलं. तसं बसलं की उजवं ते डावं होतं, चेहऱ्यात आणि दागिन्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. पुस्तक परत गेलं होतं, ताडून बघायला काही नव्हतं. दोनेक महिन्यांनी निगेटिव्ह पाकिटात भरताना ते सरळ बाजूनं उजेडाकडे धरलं, कमळ उजव्या हातात दिसलं आणि माझ्या लक्षात आलं. तोवर झरीची भिंत पूर्ण झाली होती, गावानं जेवण घातलं होतं, आणि भाऊंनी तीच प्रिंट समोर ठेवून दुसऱ्या गावचं काम धरलं होतं.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नवी प्रिंट करायला अर्धा तास लागला असता. मी स्वतःला म्हणालो, कोण बघायला बसलंय उजवं का डावं… आणि ह्या 'कोण'मध्ये जे लपलं होतं ते आज उघड लिहितो. आमच्या आईच्या पूजेतल्या शंकराचं चित्र माझ्या हातून असं उलटं झालं असतं, तर मी तेवढ्या पावली धावत गेलो असतो. ते विहारातलं होतं, म्हणून थांबलो. त्यांना काय कळणार, असं माझ्या मनात आलं होतं. शब्द हेच होते.

कळलं होतं, अर्थात. पिंगळीच्या विहाराचं काम चालू असताना तिथले एक शाळामास्तर कॅलेंडर घेऊन आले आणि म्हणाले, ह्यात तर कमळ उजव्या हातात आहे. भाऊ त्यांना ऑटोत घालून थेट माझ्या स्टुडिओत घेऊन आले. "गुरुजी, कॅलिंडर छापणाऱ्याला उजवं-डावं सारखंच. हा फोटो आमच्या शिवानं सोता काढलाय. विचारा त्याला." दोघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "फोटो बरोबर आहे गुरुजी, कॅलेंडरवाले कधीकधी उलटं छापतात." गुरुजींनी कॅलेंडरची गुंडाळी केली आणि माझीच गल्लत झाली म्हणत भाऊंना हात जोडले. भाऊंनी खुशीत तीन चहा सांगितले. झरीला घडली ती चूक होती. पिंगळीचं खोटं होतं, आणि ते मी डोळ्यांत बघून बोललो.

त्यानंतर भाऊंना अजिंठा बघायचा होता आणि मला तो त्यांना बघू द्यायचा नव्हता. गावची मंडळी गाडी करून गेली तरी हे जात नसत. म्हणत, फोटो शिवानं दिला, आता खरा बी शिवासंगच बघणार. मी कारणं काढायचो. लग्नसराई आहे, यंदा नदीला पाणी नाही, पावसाळ्यात घाट नको. अशी पंचवीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी वहिनी स्वतः स्टुडिओत आल्या. भाऊंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हातही थरथरायला लागला होता. "भावजी, नजर हाय तवर एकदा घेऊन जा त्यांना," त्या म्हणाल्या. नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

फेब्रुवारीत आम्ही दोघंच माझ्या गाडीतून निघालो. वाटेत सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. जालन्याच्या पुढे द्राक्षांच्या बागा लागल्या तेव्हा भाऊंनी गाडी थांबवायला लावली. काढणी चालू होती. मांडवाखाली हिरवा उजेड पडला होता आणि घड डोक्याला लागतील इतके खाली लोंबत होते. मालकानं आपण होऊन दोन घड हातात दिले. भाऊंनी एक मणी उन्हाकडे धरला. "ह्यात उजेड आत जाऊन बसलाय बघ. असला हिरवा मला जल्मात जमला न्हाई." मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं." ते खात खात म्हणाले, "बोल की." मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "आत फोटो काढू देत नाहीत." "मग काय झालं, डोळे हायेत की अजून," ते म्हणाले, आणि उरलेली द्राक्षं त्यांनी वहिनींसाठी रुमालात बांधून घेतली.

आधी मी त्यांना वरच्या टोकावर नेलं, जिथून सगळी दरी एकदम दिसते. घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा, तळाला वाघूर नदीची डबकी, आणि कड्याच्या मधोमध लेण्यांची दारं एका ओळीत. मग खाली उतरून पहिल्या लेण्यात शिरलो. चपला बाहेर काढल्या. हे भिक्खूंचं राहण्याचं विहार, दालनाच्या तिन्ही बाजूंनी कोरलेल्या लहान लहान खोल्या. त्यातल्या एकीत डोकावून ते हळूच म्हणाले, "एवढा डोंगर फोडला, आन सोतासाठी काय घेतलं, तर आंग टाकण्यापुरती जागा." त्यानंतर ते चित्रासमोर गेले. मी एका खांबाला टेकून मागे थांबलो. मंद दिव्यात त्यांची पाठ दिसत होती. त्यांचा डावा हात आपोआप वर आला, बोटं देठ धरल्यासारखी झाली. थोड्या वेळानं तो खाली गेला आणि उजवा वर आला. मग त्यांनी दोन्ही हात समोर धरून पाहिले. रखवालदार गर्दी पुढे सरकवत होता. भाऊ त्याला म्हणाले, मी पेंटर हाय, थोडं बघू द्या. त्यानं दिलं.

बाहेर आल्यावर नदीवरच्या पुलापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे कठड्याला हात टेकून ते म्हणाले, "शिवा, कमळ उजव्या हातात हाय."

मी म्हणालो, "हो का?"

"तू बघितलं न्हाईस?"

"अंधार होता, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पाटी लांबून बघताना बारीक करत, तसा डोळा बारीक करून… मग म्हणाले, "असंल. अंधार व्हताच. चल, च्या घेऊ."

त्यांना त्याच क्षणी सगळं समजलं होतं, असं मला वाटतं. परतीच्या वाटेवर ते डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते. त्यानंतरही ते रोज दुपारी चहाला येत राहिले, माझी थट्टाही करत राहिले, आणि हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मी त्याला क्षमा समजलो आणि आयती मिळाली म्हणून ठेवून घेतली.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा, त्यांच्या स्मरणाचा, कार्यक्रम झरीच्या विहारात ठेवला होता. मी भिंतीलगत सतरंजीवर मांडी घालून बसलो आणि बसल्यावर डोळ्यांच्या बरोबर समोर, पद्मपाणीच्या पायाशी, एक बारीक ओळ दिसली. अक्षर भाऊंचं, थोडं थरथरलेलं: 'मूळ चित्रात कमळ उजव्या हातात आहे. ही चूक चित्रकाराची. – सुदाम.' गावातले एकजण बोलायला उठले. त्यांनी सांगितलं की अजिंठ्याहून आल्यावर भाऊ डोळ्याचं ऑपरेशन करून एसटीनं इथे आले होते. त्यांना चित्र पुसून नवं काढायचं होतं. गावानं नको म्हटलं, आमची लेकरं ह्याच चित्रासमोर वंदना शिकली, राहू द्या. मग भाऊ म्हणाले, चित्र ऱ्हाऊ द्या, पण बघणाऱ्याला खरं कळलं पायजे. अशाच ओळी त्यांनी चारही गावांत लिहिल्या होत्या. एवढा मोठा कलावंत आणि आपली चूक आपल्या हातानं लिहून गेला, असं म्हणून त्या माणसानं त्या ओळीकडे वळून हात जोडले. नंतर मला बोलायला सांगितलं, सगळ्यात जुना मित्र म्हणून. मी उठलो. भाऊंच्या अक्षराबद्दल पाच मिनिटं बोललो आणि खाली बसलो.

इथवरचं लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी, परवा मी वहिनींकडे गेलो आणि त्यांना वाचून दाखवलं. मधे त्यांनी एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "त्यांना ठावं व्हतं?" मी म्हणालो, बहुतेक होतं. त्या बराच वेळ ज्वारी निवडत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग, भावजी? मी का ती ओळ वाचायला जाती? झरीला जा. चार मान्सं जमवा आन सांगा."

चार विहारांत लोकांसमोर उभं राहून चूक माझी होती हे सांगायचं आहे, आणि त्यांनी परवानगी दिली तर त्या ओळीतला 'चित्रकाराची' हा शब्द काढून तिथे माझं नाव लिहवून घ्यायचं आहे. पिंगळीच्या गुरुजींची माफी मागायची आहे. ते आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. हे सांगायला आजपर्यंत यातल्या एकाही गावी मी गेलेलो नाही.