मुद्दाम सोडलेला झेल

विल्फ ऑडसली काउंटीकडून बरेच उन्हाळे खेळला. मध्यमगती गोलंदाजी, सातव्या क्रमांकावर फलंदाजी आणि हिवाळ्यात घरोघर कोळशाची पोती पोचवणं, असं त्याचं आयुष्य. देशाच्या संघासाठी त्याचं नाव कधी निघालं नाही, त्यालाही ती हाव नव्हती. कारकिर्दीत शतक एकच. पण त्या शतकाचा विषय निघाला, की विल्फ बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा.

ते शतक झालं त्या वर्षी काउंटीच्या क्लबला दोघांपैकी एकच अष्टपैलू ठेवायचा होता, विल्फ नाहीतर टेड ग्रिंडल. टेड डावखुरा फिरकी गोलंदाज, फलंदाजीला विल्फच्या मागोमाग येणारा. दोघं एकाच मोटारीतून सामन्यांना जायचे, एकाच पुड्यातले मासे-बटाटे खायचे. सप्टेंबरातल्या शेवटच्या सामन्यानंतर निकाल लागणार होता.

त्या सामन्याचे दोन दिवस पावसाने खाल्ले. तिसऱ्या सकाळी दोन्ही कप्तानांनी नेहमीचा तोडगा काढला. समोरच्यांनी सोपे चेंडू टाकून विल्फच्या संघाला झटपट धावा द्यायच्या, मग यांनी डाव घोषित करून त्यांना पाठलागाला बोलवायचं. अशा वेळी झेलही कुणी मनापासून घेत नसे, उगाच वेळ जातो. फुकटच्या धावा मात्र वाटून खायच्या, असा ड्रेसिंग रूमचा रिवाज होता. पन्नास झाल्या की आपण होऊन बाद व्हायचं आणि पुढच्याला येऊ द्यायचं.

पुढचा टेड होता. पॅड बांधून पायऱ्यांवर बसला होता.

समोरचा यष्टिरक्षकच हातमोजे काढून उंच, हळू चेंडू टाकत होता. विल्फची पन्नाशी झाली तसा तो हसून म्हणाला, "झालं की पोटभर! जा आता, गड्या. तुझा दोस्त बघ कसा उपाशी बसलाय."

पुढचा चेंडू विल्फने नुसता सोडला असता तरी यष्ट्या उडाल्या असत्या. त्याने तो मिड-ऑफकडे उंच मारला. तिथल्या जाड्या क्षेत्ररक्षकाने ओंजळ धरली, चेंडू आत येऊ दिला आणि खाली सांडला.

"अरेरे! हाताला लोणी लागलंय रे बाबा!" तो जाड्या ओरडला.

विल्फने चरफडल्यासारखं करून बॅट पॅडवर आपटली आणि पायऱ्यांकडे पाहिलं. राहू दे, असा टेडने हात हलवला. मग विल्फ खेळतच राहिला. शतक झाल्यावर कप्तानाने डाव घोषित केला. टेडची पाळी आलीच नाही.

क्लबने शतकवाल्याला ठेवलं. टेड टपाल वाटायला लागला. "तू झेल दिलास, मी डोळ्यांनी पाहिलं. तुझा काय दोष?" असं वर तोच विल्फची समजूत घालायचा. टेडची बायको नोरा दर नाताळला विल्फला घरच्या आलुबुखारांचा जॅम पाठवायची. विल्फच्या कपाटात त्या बाटल्या न उघडता मागे मागे सरकत गेल्या.

म्हातारपणी दोघं मैदानावर शेजारी-शेजारी बसून सामने बघत. एकदा टेडने पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला हटकलं. "साहेब, हा माणूस माझ्यासाठी बाद व्हायला निघाला होता, माहितीये? नशीब आडवं आलं." त्या गृहस्थाने विल्फकडे आदराने पाहिलं आणि तो चहा आणायला गेला.

विल्फचा हात नाडीकडे गेला, पण तो वाकला नाही.

"टेड, तो झेल सोडणार हे मला ठाऊक होतं."

"कोण?"

"तो जाड्या. आधीच्या षटकात त्याने असाच एक सांडला होता. म्हणून तर त्याच्याकडे मारला."

टेड मैदानाकडे बघत राहिला. षटक संपलं, क्षेत्ररक्षक जागा बदलायला लागले.

"मला दिसावं म्हणून?"

"हो."

"आणि ती बॅट आपटलीस, ती?"

"तीही."

टेड उठला. "नोराला सांगू नकोस," तो म्हणाला. "झाडावरची चांगली चांगली फळं ती तुझ्या बाटलीसाठी निवडते."

थोड्या वेळाने तो नेहमीसारखा दोन कप चहा घेऊन आला. एक त्याने विल्फच्या हातात दिला. मग एक खुर्ची सोडून बसला आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर आपली टोपी ठेवली.