भोपळा धरतो तेव्हा

पाचव्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत लाल भोपळ्याच्या वेलाला फुलं भरपूर येत होती, पण भोपळा काही धरत नव्हता. मादी फुलाखाली बोराएवढा भोपळा आधीपासूनच असतो. आमच्याकडे तो पिवळा पडून गळून जायचा.

"इतक्या उंचावर मधमाश्या येत नसतील," नवरा म्हणाला. "आपणच करून बघू या."

मादी फूल एकाच सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की कायमचं मिटतं. म्हणून चहा ओट्यावर तसाच ठेवून आम्ही गच्चीत गेलो. मी एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढल्या आणि परागांनी माखलेला मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली.

"झालं?" त्यानं विचारलं.

"माझं झालं. आता पुढचं फुलाचं."

पुढचं मी फक्त वाचलेलं होतं. परागाच्या कणातून एक बारीक नळी फुटते आणि फुलाच्या आतल्या अंधारातून बीजांडापर्यंत जाते. तिला ना डोळे, ना सोबत. म्हणे बीजांडच तिला रसायनांची खूण पाठवतं. फुलातली ती हाक कशी असेल, याचा विचार मी दिवसभर करत राहिले; रात्री नवऱ्यालाही सगळं सांगितलं.

आठवड्याभरात भोपळा चांगला मुठीएवढा झाला.

"त्या परागांतले किती जण आत पोचले असतील गं?" नवऱ्यानं विचारलं.

"कापल्यावर कळेल. प्रत्येक भरलेली बी म्हणजे पोचलेला एक जण."

त्यानंतर मात्र तो भोपळा कापायचं नाव आम्हा दोघांपैकी कुणीच काढलं नाही.