चौथं सहपत्र

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि नंबरबाईंचे बावीस नंबर देऊन झाले होते.

संरक्षण मंत्रालयाच्या तळमजल्यावर, जिन्याला लागून, आवक-जावक कक्ष आहे. दोन खिडक्या, चार टेबलं आणि छतापर्यंत गेलेली लाकडी खणांची भिंत. प्रत्येक खणावर एकेका शाखेचं नाव आहे: पायदळ, नौदल, हवाई दल, पुरवठा, खरेदी, वित्त, विधी. सगळ्यात वर, जिथं हात पुरत नाही तिथं, मंत्री कार्यालय. खण करणाऱ्या सुताराला वाटलं, मंत्री वरच असायला हवेत. तेव्हापासून नंबरबाई स्टुलावर चढून मंत्र्यांपर्यंत पोहोचतात.

या इमारतीत नंबर पडल्याशिवाय कुठलाही कागद एका शाखेतून दुसरीकडे जात नाही. तो नंबर एकोणतीस वर्षं बाई देताहेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे. चारही मजल्यांवर कुणाला ते चटकन आठवत नाही.

नवीन भरती झालेल्या कारकुनांना मंत्रालय समजावून सांगायचं काम दरवर्षी त्यांच्याच गळ्यात पडतं. छापील पुस्तिका चौसष्ट पानांची आहे. बाई ती बाजूला ठेवतात. "गणवेशवाले मागतात," त्या सांगतात, "पुरवठा शाखा तपासते, वित्तवाले नाक मुरडतात, सचिव सही करतात आणि सभागृहात उभं राहून मंत्री उत्तर देतात. ज्याच्या हातात बंदूक आहे, त्याला विचारणारा कुणीतरी बिनबंदुकीचा हवा. तो इथं बसतो. आता खुर्च्या ओढा आणि कामाला लागा."

सध्या अधिवेशन चालू होतं, म्हणून कक्ष सातलाच उघडायचा. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाची फाईल लाल पट्टीची असते आणि ती कुठल्याही टेबलावर दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबवायची नाही, असा नियम आहे. तीन वर्षांपूर्वी एका कारकुनाकडून अशी फाईल अर्धा तास राहिली. तो अजून तळघरातल्या जुन्या दप्तरात धूळ झटकतोय.

आठ वाजून पाच मिनिटांनी पुरवठा शाखेचा म्हातारा शिपाई लाल पट्टीची फाईल घेऊन आला. त्याला सगळे मामा म्हणतात. प्रश्न होता सरहद्दीवरच्या सगळ्यात उंच ठाण्याचा: थंडीपूर्वी जवानांना शेगड्या पोहोचल्या का? उत्तराचा मसुदा एका ओळीचा होता. 'होय. साठही शेगड्या पोहोचल्या आहेत.' खाली लिहिलं होतं, 'सहपत्रं चार.'

बाईंनी अंगठ्यावर रबरी टोपी चढवली आणि सोबतचे कागद मोजले. ठाण्याची मागणी. मंजुरी. डेपोतून माल निघाल्याची चिठ्ठी. परत मोजले. तीनच.

"मामा, चौथं कुठंय?"

"मला काय ठाऊक? मी पाय. डोकं वर बसतं."

"मग डोक्याला म्हणावं, पायांसारखं जरा खाली या."

डोकं सात मिनिटांनी खाली आलं. पुरवठा शाखेचे उपसचिव हुशार माणूस, कामाला वाघ, फक्त नाकावर माशी बसू देत नाहीत.

"बाई, लाल पट्टी आहे ती. दहा मिनिटं होत आली."

"सातच झालीत, साहेब. सहपत्रं चार लिहिलीत, आहेत तीन."

"एवढंच ना? द्या पेन, चाराचं तीन करतो."

"करा. कुठलं वगळलं तेवढं खाली लिहा आणि सही करा. लगेच नंबर देते."

पेन कागदाच्या वर तसंच राहिलं. चौथा कागद म्हणजे ठाण्याची पोचपावती. ती नाही असं सहीनिशी लिहायचं, आणि वरच्या ओळीत 'पोहोचल्या' म्हणायचं, हे उपसचिवांनाही जमेना.

"अहो, पावती येईल मागाहून. गाड्या निघाल्याची तारीख आहे, वेळ आहे. आमच्या वहीत प्रकरण बंद झालंय."

"तुमच्या वहीत बंद झालंय. पायदळाच्या वहीत उघडलंय का?"

गोम इथंच होती. पुरवठा शाखेची वही गाडी डेपोबाहेर पडली की बंद होते. पायदळाची वही माल ठाण्यावर उतरला की उघडते. मधला रस्ता कुणाच्याच वहीत नाही. एक कागद कमी असला की काय होतं, हे बाईंना नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं होतं. तेव्हा घोंगड्यांच्या एका फाईलला, एक पान कमी असतानाही, त्यांनी घाईत नंबर दिला. फाईल अकरा दिवस चार मजले फिरली आणि घोंगड्या पोहोचल्या तेव्हा थंडी संपली होती. त्या वेळचे कक्षप्रमुख रागावले नाहीत. त्यांनी ठाण्याहून आलेलं पत्र बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि ते जेवायला गेले. पत्रात थंडीनं बोटं गेलेल्या जवानांची संख्या होती. सहा.

आता मंत्र्यांनी एकदा सभागृहात 'होय' म्हटलं की शेगड्या पोहोचल्याच. न पोहोचलेल्या शेगड्या शोधायला मग कुणी जाणार नव्हतं.

"अकरा वाजता मंत्री उभे राहणार आहेत," उपसचिवांचा आवाज चढला. "मला तुमच्याविरुद्ध लेखी द्यावं लागेल."

"द्या. त्या कागदालाही नंबर मीच देईन."

मामांनी हसू दाबायला खोकून घेतलं. पावती कुठंतरी टपालात अडकलेली निघाली असती, तर बाईंसाठी तळघरात जागा होतीच.

शेगड्यांची चौकशी करायचा अधिकार त्यांना नव्हता. राहिलेलं सहपत्र मागायचा होता. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर पायदळाच्या कर्नलसाहेबांना फोन लावला. "साहेब, तुमच्याकडचं एक सहपत्र कमी आहे. वरच्या ठाण्याची पोचपावती." घड्याळात सव्वाआठ झाले. दहा मिनिटं उलटली. फाईल टेबलावरच होती.

आठ एकतीसला कर्नल स्वतः खाली आले. हातात बिनतारी संदेशाचा कागद होता. ठाण्यावर अडतीस शेगड्या. बावीस ठाण्याखालच्या, वाटेतल्या डेपोत, नऊ दिवसांपासून. पुढचा पूल जड गाड्यांना बंद झाला होता आणि तो डेपो हुकमाची वाट बघत बसला होता.

"आम्हाला वाटलं, राहिलेल्या अजून निघाल्याच नाहीत," कर्नल म्हणाले.

"आणि आम्हाला वाटलं, पोहोचल्या," उपसचिव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पण त्यांनी कानावर हात ठेवले नाहीत. बाईंच्याच टेबलाशी स्टूल ओढलं, जुनी ओळ खोडली, नवीन उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि संदेशाचा कागद चौथं सहपत्र म्हणून जोडला. "लहान गाड्या आहेत तुमच्याकडे?"

"आहेत. हुकूम द्या, दुपारी निघतील."

नऊ वीसला सचिवांच्या सहीचा हुकूम नंबर पडून वाटेतल्या डेपोकडे गेला. नऊ पन्नासला त्याच स्टुलावर चढून बाईंनी लाल पट्टीची फाईल मंत्र्यांच्या खणात ठेवली. मंत्री कार्यालयातून फोनवर एकच प्रश्न आला.

"अडतीस नक्की?"

"चौथं सहपत्र बघा," बाई म्हणाल्या.

अकरा वाजून सहा मिनिटांनी मंत्री उभे राहिले. व्हरांड्यातल्या ध्वनिक्षेपकावर इमारतीनं ते ऐकलं. अडतीस पोहोचल्या, बावीस पोहोचल्या नाहीत, चूक मंत्रालयाची आहे. विरोधी बाकांवर एकच गदारोळ झाला.

"धू धू धुतलं हो आपल्या साहेबांना," मामा हळहळले.

"खरं बोलून बोलणी खाल्ली. ती पचतात," बाई म्हणाल्या आणि पुढचा नंबर टाकला. पाठ मात्र त्या दिवशी खुर्चीला टेकली नाही. सबंध दिवस त्या ताठ बसल्या होत्या, असं मामा नंतर सगळ्या मजल्यांवर सांगत फिरले.

तीन वाजता उपसचिव पुन्हा खाली आले. हातात फाईल बघून मामांना वाटलं, आली तक्रार. तक्रार नव्हती. यापुढे पोचपावती आल्याशिवाय पुरवठा शाखेची वही बंद होणार नाही, असा आदेश होता.

"मोजून घ्या. सहपत्रं दोन."

बाईंनी मोजली. दोनच होती. नंबर दिला.

घरी सासूबाई दार उघडतानाच रोजचा प्रश्न विचारतात. आजही विचारला. "काय गं, आज कुठलं युद्ध जिंकलंस?"

"एक कागद कमी होता, आई."

"अगंबाई! मग?"

"मग मागून घेतला."

"एवढ्यासाठी पगार देतात तुला," सासूबाई म्हणाल्या आणि पानं वाढायला वळल्या. संध्याकाळच्या बातम्यांत मंत्री तेच उत्तर वाचत होते. "हे आपल्या सुनेच्या खणातून गेलंय," असं सासूबाईंनी शेजारणीला भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं, ते बाईंना न्हाणीघरात ऐकू आलं.

आजचा शेवटचा नंबर सहा हजार चारशे अकरा होता. उद्या कक्ष सातला उघडेल आणि पहिल्या कागदाला सहा हजार चारशे बारा मिळेल. बावीस शेगड्यांच्या पावतीसाठी तो राखलेला नाही. नंबर राखून ठेवायची पद्धत इथं नाही. पावती ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तिला रांगेतला नंबर मिळेल. तोवर पुरवठा शाखेच्या वहीत ती ओळ उघडी आहे.