भावजींच्या पुंगळ्या

मुलांनो, उभ्या इंग्लंडात बंदूक बाळगणारा इतका निरुपद्रवी माणूस दुसरा झाला नसेल. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भावजी, नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात जन्मभर भूल देत आले आणि घरात शिरलेली माशीसुद्धा पेल्यात पकडून बागेत सोडत आले. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते निवृत्त झाले. अशा वेळी लोक गोल्फ खेळतात. हे एका रायफल क्लबात जाऊन कागदी निशाणांवर गोळ्या झाडू लागले. परवान्याआधी चौकशीला पोलीस घरी आला, तर भावजींनी त्याला चिवडा खाऊ घातला, त्याचं ब्लडप्रेशर मोजलं आणि मगच जाऊ दिलं. "जरा वाढलंय हो त्याचं," असं पुढे आठवडाभर आम्हाला काळजीने सांगत होते.

शनिवारची सकाळ रेंजवर आणि उरलेला आठवडा त्या सकाळच्या तयारीत, असा त्यांचा क्रम. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नसते. साफ करून, मापात आणून ती पुन्हा भरता येते. हे काम भावजी सगळं हाताने करत, आणि तेही जेवणाच्या टेबलावर. टेबलाच्या कडेला ते दांड्याचं एक छोटं हत्यार स्क्रूने आवळून बसवत. दिसायला थेट नारळ खवायचं यंत्र. त्यात पुंगळी अडकवून दांडा फिरवला की तिचं लांबलेलं तोंड केसभर कापलं जाई. कापणं क्षणाचं, पण हत्यार मापावर बसवणं म्हणजे मुंजीचा थाट! स्क्रू इवलासा फिरवायचा, एक पुंगळी कापायची, व्हर्नियरने मोजायची, मान हलवायची, की पुन्हा स्क्रू. पहिली पुंगळी हटकून जास्त कापली जाई. ती बाजूला ठेवत म्हणायचे, "ही चित्राहुती." माझी जाऊ आमटीचं पातेलं धरून मागे उभी. "अहो, चित्राहुती झाली असेल तर आता पानं घेऊ का?"

काळवंडलेल्या पुंगळ्या धुवायला ते दुकानातलं कसलंसं महागडं द्रावण आणत. मला राहवेना. म्हटलं, "भावजी, पितळच ना हे? मग समईला लावतो ती चिंच लावा की." त्यांनी आधी चार शास्त्रीय शंका काढल्या आणि मग चिंच कोळली. पुंगळ्या अशा लखलखल्या की क्लबातले गोरे लोक चौकशी करू लागले. "फॅमिली सीक्रेट," भावजी गंभीरपणे सांगत. त्या महिन्यात जावेच्या सांबाराला मात्र चिंच उरली नाही.

त्यांचा एक नियम होता, हॉस्पिटलातला, तोच त्यांनी क्लबात नेला. "हात हलला की थांबायचं, वहिनी. मग हातात सुई असो की रायफल." आणि एका ऑक्टोबरात माप जमेना. तीच पुंगळी दर वेळी वेगळा आकडा दाखवी. भावजींनी हत्यार उघडून पुन्हा बसवलं. टेबल डुगडुगतंय म्हणून पायाखाली पुठ्ठा घातला. मग म्हणाले, "अगं, हीटिंग बंद कर, मेटल एक्स्पांड होतंय."

"सकाळपासून बंदच आहे," जाऊ म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. आम्हा दोघींना दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं, किंवा दिसूनही बघायचं नव्हतं.

शेवटी त्यांनी व्हर्नियर माझ्या हातात दिला. "वहिनी, तुम्ही मोजा बरं." मी मोजलं, पुन्हा मोजलं. आकडा तोच. भावजी माझ्या हाताकडे बघत राहिले, मग स्वतःच्या. "म्हणजे हत्यार बरोबर आहे तर," ते म्हणाले. महिनाभरात रायफल विकून परवानाही परत करून आले.

जावेला टेबल मिळालं. तिने त्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ घातला, फुलदाणी ठेवली. भावजी त्या फुलदाणीसमोर पेपर घेऊन बसत, पण पान उलटत नसत. एका शनिवारी मी तिथे असताना क्लबातले एक उंच गृहस्थ आले, पिशवीभर पुंगळ्या घेऊन. त्यांना बिचाऱ्यांना ते माप बसवणं कधी जमलंच नव्हतं. "सॉरी, माय हँड्स..." भावजी म्हणू लागले, तोच जावेने फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली.

"अहो, तुम्ही नुसतं सांगा. दांडा मी फिरवते."

"तुला नाही जमायचं."

"चाळीस वर्षं चकल्या पाडतेय. सांगा."

मी चहा टाकला. मागून ऐकू येत होतं.

"हळू! शेंगदाण्याचं कूट नाही ते."

"डोळे आहेत मला."

"डोळ्यांनी नाही कळत, कानांनी कळतं. आवाज बारीक झाला की थांबायचं."

कप घेऊन बाहेर आले तर भावजी डोळे मिटून, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरून, पात्याच्या करकरीकडे कान लावून बसले होते. भूल उतरताना पेशंटच्या श्वासाकडे कान देऊन बसत असतील, अगदी तसे. करकर हळूहळू बारीक होत गेली.

"आता थांब," ते म्हणाले.

ती आधीच थांबली होती.