उशिरा वर गेलेला हात

चारच्या बाईंकडे चहाला गेलेल्या माणसाचं वाक्य चार वाजता अर्धंच राहायचं. त्या तळहात दाखवून त्याला थांबवत, "फक्त तीन मिनिटं हं," म्हणत आणि खुर्ची टीव्हीकडे वळवत. मग समोर चर्चचे पाद्री असोत की तुमचे आजोबा. 'चारच्या बाई' हे नाव आजोबांनीच ठेवलं. मुलांनो, कार्डिफच्या आपल्या जुन्या घराची एक भिंत त्यांच्या घराला लागून होती. तुम्ही तेव्हा जन्मलाही नव्हतात. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं ती भिंत मी रोज चार वाजता ऐकली.

आधी घरघर यायची. बाईंचा व्हीसीआर जपानहून आणलेला, इथल्या विजेवर चालावा म्हणून त्याला जोडलेला ट्रान्सफॉर्मर घरघरायचा. मग गाणं. जपानी टीव्हीवरच्या लहान मुलांच्या कार्यक्रमातलं, बसमध्ये विसरलेल्या एका छत्रीचं. छत्री त्याच सीटवर बसून रोज गावभर फिरते, आपली मालकीण चढते का म्हणून दर स्टॉपला दाराकडे बघते. शेवटी पाऊस येतो, मालकीण येते आणि छत्री उघडते. एवढंच गाणं. "त्या वर्षी तिकडे सगळे हेच म्हणत होते," बाई सांगत. "दुकानात, स्टेशनवर, बँकेतसुद्धा. माझी बहीण फोनवर वैतागायची." आजोबा भिंतीकडे बघून म्हणत, "निघाली बस!" आणि दोन महिन्यांनी तेही दाढी करताना तेच गुणगुणू लागले.

बाई मूळच्या ओसाकाच्या. एका वेल्श बोट-इंजिनिअरशी लग्न करून चाळीस वर्षं कार्डिफमध्ये राहिलेल्या, आता एकट्या. त्यांचा मुलगा इंग्रजी शिकवायला जपानला गेला. तिथेच त्याचं लग्न झालं, मुलगी झाली आणि घटस्फोटही झाला. मुलगी आईकडे राहिली. पुढे पत्ता बदलला आणि बाईंची पत्रं परत येऊ लागली. नातीला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, दुपट्यात. सुनेने नंतर एवढं एकच केलं, की मुलगी टीव्हीवर दिसणार आहे तो दिवस बाईंच्या बहिणीला कळवला. बहिणीने कार्यक्रम रेकॉर्ड करून पाठवला.

"दुसरी रांग, उजवीकडून तिसरी. पिवळा स्वेटर," बाई काचेवर बोट ठेवून दाखवत. छत्री उघडते त्या शेवटच्या ओळीला स्टुडिओतली सगळी मुलं हात वर करत. पिवळ्या स्वेटरचा हात सगळ्यांच्या मागून, एक क्षण उशिरा वर जायचा. "ढ नाहीये हं ती," बाई मला बजावत. "मन लावून ऐकतेय. ऐकणाऱ्या मुलांना उशीर होतो."

माझा व्यवस्थितपणा तुम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्र मंडळात नाटकांच्या कॅसेट्सच्या प्रती काढायचं काम पंधरा वर्षं माझ्याकडे होतं. वरच्या मशीनमध्ये मूळ, खालच्यात कोरी, खालच्याचं रेकॉर्डचं बटण दाबायचं. एकदाही चूक नाही. तुमचा बाबा चिडवायचा, "आई, यू आर इम्पॉसिबल! एक दिवस तू बाबांनापण लेबल लावशील." बाईंची कॅसेट झिजून चित्र थरथरू लागलं, तेव्हा मी आपण होऊन म्हणाले, "मला द्या, प्रत काढते." त्यांनी कॅसेट रुमालात गुंडाळून दिली, स्वतःचं मशीनही दिलं. "तुमच्याकडे वस्तू हरवत नाहीत," त्या म्हणाल्या.

त्यांचं मशीन जड, म्हणून मी ते खाली ठेवलं. जपानी कॅसेट चालेल असं दुसरं मशीन मंडळातून मागून आणलं होतं, ते हलकं, म्हणून वर. बाईंची कॅसेट त्यांच्या मशीनमध्ये घातली, कोरी वर घातली. आणि पंधरा वर्षांच्या सवयीने माझं बोट खालच्या रेकॉर्डवर गेलं. मी चहा ठेवायला उठले. परत आले तेव्हा चूक दिसली. गाणं कॅसेटच्या सुरुवातीलाच होतं, ते पुसलं गेलं होतं.

आजोबा म्हणाले, "अगं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांग." मी नाही सांगितलं. कॅसेट पुन्हा रुमालात गुंडाळली, मशीनसह त्यांच्या दाराशी दिली आणि म्हटलं, "प्रत नीट निघाली नाही." आयुष्यात इतकं व्यवस्थित खोटं मी दुसरं बोललेले नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी भिंतीपाशी उभी होते. घरघर सुरू झाली. पुढे काही नाही. बराच वेळ नुसती घरघर. आणि मग बाईंचा आवाज आला, बारीक, कापरा. त्या स्वतः गात होत्या. शेवटच्या ओळीआधी त्या थांबल्या. एक क्षण. मग ओळ पूर्ण केली.

असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी मी चारच्या आधी त्यांच्या दारात गेले. "बाई, ती कॅसेट माझ्या हातून..." तळहात वर झाला. "बसा. चार वाजले."

टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. त्या काचेवर, नेहमीच्याच जागी, बाईंचं बोट होतं. त्या गायल्या, थांबल्या, म्हणाल्या, "आता," आणि मला खरोखर पिवळं काहीतरी दिसल्यासारखं झालं. मी रडले. त्या रडल्या नाहीत. चहा ओतत म्हणाल्या, "तुम्ही पुसलंत ते मला पहिल्याच दिवशी कळलं. माझा राग गेलेला नाही. पण ती कुठे बसते हे आता जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे. म्हणून तुम्ही रोज यायचं."

मी दोन वर्षं रोज गेले. गाणं पाठ झालं, एकेका शब्दाचा अर्थ न कळता. बाई हॉस्पिटलमध्ये वारल्या, तेव्हा मुलगा येऊन घर रिकामं करून गेला. मशीन त्याने कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकलं. कॅसेट मी मागून घेतली. तिच्यावर मी लेबल लावलेलं नाही.

मेलबर्नहून तुम्ही व्हिडिओ कॉलवर गाणी म्हणता आणि विचारता, "आजी, तू रेकॉर्ड का करत नाहीस?" मी तेव्हा बघत असते, बाळांनो. कोण कुठे बसलंय, कोणाचा हात कधी वर जातो, ते पाठ करत असते.

ते घर विकून आम्हालाही आता बरीच वर्षं झाली. या फ्लॅटच्या त्या बाजूला कोणी राहत नाही, नुसता जिना आहे. तरी चार वाजता भिंत घरघरते. मी हातातलं काम ठेवते आणि गाणं म्हणते. शेवटच्या ओळीआधी थांबते. ती हात वर करेपर्यंत.