कोपऱ्यातला डाग

आमच्या दवाखान्यात केसपेपर काढायला टचस्क्रीनचं मशीन आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक पांढुरका डाग पडलाय, साबण नीट न निघालेल्या कपड्यासारखा. काल माझ्यापुढच्या आजींनी 'डोळ्यांचा विभाग' या बटणावर बोट ठेवलं, तोच खिडकीतला कारकून खेकसला, "अहो आजी, हळू! तुम्ही लोकांनी जोरजोरात दाबूनच तो डाग पाडलाय."

माझं डोकंच फिरलं. त्या कोपऱ्यात एकही बटण नाही. तिथे बोट लावायला जाईल कोण? मशीन चोरीला जाऊ नये म्हणून यांनीच वरून लोखंडी चौकट ठोकली, तिचे स्क्रू जीव खाऊन आवळले, आणि डाग नेमका त्या स्क्रूपाशी. वरची काच आणि आतला पडदा यांच्यात केसभर जागा सोडली असती, तर डाग पडलाच नसता. पण आपल्याकडे आवळणं म्हणजेच सांभाळणं. मग बिघडलं, की रांगेतल्या माणसावर ओरडायचं.

हे सगळं मी त्याला सुनावलं. "मॅडम, तुमचा नंबर आल्यावर बोला," तो म्हणाला.

आजी मात्र घाबरल्या होत्या. त्यांनी पदराला बोट पुसलं आणि झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावं तसं पडद्याला लावलं. मशीन ढिम्म.

"अहो आजी," तो ओरडला, "जरा जोरात दाबा की!"