सोस्यो दाजींची शिडी

आमच्या सोस्यो दाजींची वाइन पहिल्यांदा पिणारा माणूस आधी एक डोळा मिटतो, मग दुसरा, आणि मग घरी कोणीतरी आजारी असल्याचं त्याला अचानक आठवतं. अस्प्रीनियो हे द्राक्षच तसं. आंबट म्हणजे किती, तर आमच्याकडची पोरंसुद्धा ते चोरत नाहीत. पण तोंडात म्हशीच्या दुधाचा ताजा मोझरेला असावा आणि वर तळघरातल्या थंडगार वाइनचा एक घोट घ्यावा, मग मात्र गप्प बसावं लागतं. दाजींसमोर मी हे कधी बोललेलो नाही. माणूस आधीच हवेत असतो.

हवेत म्हणजे खरोखरच हवेत. आवेर्सा शहराच्या आमच्या बाजूला हा वेल जमिनीलगत तारांवर चढवत नाहीत, उंच पॉपलरच्या झाडांवर सोडतात. झाडाझाडांमधून तो असा पसरतो की शेतात चार मजली हिरवी भिंत उभी राहते. ही रीत अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एत्रुस्कन लोकांची, असं शाळेतले मास्तर सांगायचे. दाजी त्या लोकांचा उल्लेख ‘आमची माणसं’ असा करतात. ती माणसं पुढे नामशेष झाली. बहुतेक हीच वाइन पिऊन, असं माझी ताई म्हणते.

ताई म्हणजे नुन्झिया, दाजींची बायको. ही जमीन आमच्या वडिलांनी तिला लग्नात दिली. त्यामुळे झाडांवर राज्य दाजींचं, मुळांवर ताईचं.

एवढ्या उंचावरची द्राक्षं काढायला लागते शिडी, आणि आमच्याकडे शिडी कोणी विकत आणत नाही. शिंप्याकडून विजार शिवून घ्यावी तशी ती मापानं करून घेतात. सुतार आधी तुमची मांडी मोजतो, गुडघा मोजतो, मग त्या बेतानं दांड्यांमधलं अंतर ठेवतो. वर पोचलं की दोन दांड्यांमध्ये गुडघा अडकवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. दुसऱ्याच्या शिडीवर चढणं म्हणजे दुसऱ्याची विजार घालणं. माझीही एक शिडी होती. मला तिसऱ्या दांड्यावरच घेरी येते, म्हणून तिच्यावर आता घेवडा चढतो.

वर पुरुष आणि खाली बायका, हा आमचा कायदा. भरलेली टोपली दोरानं खाली सोडायची. तिचं बूड टोकदार असतं, ते मातीत रुततं आणि टोपली कलंडत नाही. खालच्या बाईनं ती रिकामी करून परत वर पाठवायची. यात जरा उशीर झाला की दाजी वरून ओरडत, “खाली झोपलात की काय? द्राक्षांचे बेदाणे व्हायला लागले!” आणि ताई खालून तितक्याच जोरात, “एवढी घाई असेल तर खाली उतर आणि स्वतः रिकामी कर!” दोघांचा संसार मुख्यतः याच दोन वाक्यांवर चालला. मुलगी ओर्सोला तर दोन्ही वाक्यं ऐकतच मोठी झाली.

दाजींनी शिडी करून घेतली लग्नाच्या वर्षी. तेव्हा ते काठीसारखे होते. मग ताईचा स्वयंपाक सुरू झाला. काठीचा ओंडका झाला, पण शिडी तीच. सिल्वेस्त्रे सुतार दरवर्षी भर चौकात विचारायचा, “सोस्यो, नवं माप घ्यायला येऊ का?”

“माझं माप आहे तेच आहे,” दाजी म्हणायचे. “तुझं लाकूड आखडलंय.”

गेल्या वर्षी ते गुडघा न अडकवताच, एका हातानं शिडी धरून द्राक्षं काढत होते. ताईनं खालून ते पाहिलं. त्या दिवशी तिनं त्यांना एक शब्दही ऐकवला नाही, तेव्हाच मला भीती वाटली होती. यंदा ऑगस्टमध्ये तिनं जेवणाच्या टेबलावर निकाल लावला.

“त्या आंबट घडांपायी मला विधवा व्हायचं नाही. ज्या वर्षी या घरातलं कोणी नीट गुडघा अडकवून वर चढणार नाही, त्या वर्षी झाडं कापायची आणि कमरेइतक्या तारा लावायच्या. चारचौघांसारख्या.”

“तारांवरचं अस्प्रीनियो?” दाजी भडकले. “ती काय वाइन? वर वारा लागतो, ऊन लागतं, म्हणून त्याला ती धार येते.”

“धार कसली, करवत आहे ती. चढशील तर झाडं राहतील. नाहीतर काढणीनंतरच्या सोमवारी करवतवाला येईल, त्याला सांगून ठेवलंय.”

दाजींनी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. मग त्यांनी पास्ता सोडला. मोझरेला सोडला नाही, कारण त्यांच्या मते तो बहुतेक पाणीच असतो. दाजींना मी जन्मभर चिडवत आलोय, पण त्या दिवसांत ते संध्याकाळी एकटेच त्या हिरव्या भिंतीशी जाऊन उभे राहायचे, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नसे. झाडं गेली असती तर या माणसाला जमिनीवर करण्यासारखं काहीच उरलं नसतं.

काढणीच्या दिवशी ओर्सोला आली. ती आवेर्सात बुटांच्या कारखान्यात शिलाई करते. तिच्या लांब, बारीक पायांवरून आम्ही सगळ्यांनी तिला लहानपणापासून ‘बगळा’ म्हणून छळलंय.

दाजी चढले. धापा टाकत, पण चढले. वर जाऊन त्यांनी गुडघा दांड्यांमध्ये घातला. खरं तर ठोकून बसवला, पाचर बसवावी तसा. मग दोन्ही हात सोडून आम्हाला दाखवले. टोपल्या येत राहिल्या, शिवीगाळ रीतसर चालू राहिली.

हाताच्या टप्प्यातले घड संपले. आता शिडी पुढे सरकवायची, तर दाजी उतरेनात.

“काय करताय वर?” मी विचारलं.

“हवा खातोय.”

दुपारची घंटा झाली. ताईनं पास्ता-घेवड्याचं पातेलं उघडलं. वास सरळ वर गेला.

“सोस्यो, जेवायला ये.”

“मला भूक नाही.”

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सोस्यो दाजींना भूक नाही! आमचे वडील वारले त्या दिवशीही या माणसानं दोनदा वाढून घेतलं होतं.

“अडकलाय,” ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

मी शिडीला हात लावला आणि माझं डोकं गरगरलं. तोवर ओर्सोलानं बूट काढले होते. जेवणाच्या टोपलीतली ऑलिव्ह तेलाची बाटली खिशात, घड कापायची कात्री दातात, आणि ती चढायला लागली.

“अगं, बायका चढत नाहीत!” दाजी वरून ओरडले.

“आणि पुरुष उतरत नाहीत वाटतं,” ती कात्रीआडून म्हणाली. “पाय हलवू नका, पप्पा.”

तिनं त्यांच्या विजारीचा एक पाय मांडीपर्यंत कापला आणि बाटली ओतली. खाली उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर तेल ठिबकलं. मग दाजींनी अशी एक आरोळी ठोकली की गावातली कुत्री भुंकायला लागली, आणि गुडघा सुटला. ती शिडीच्या मागच्या बाजूला सरकली, आणि दाजी तिच्यासमोरून हळूहळू खाली आले. एक पाय उघडा, तेलानं चमकणारा, तळायला घेतल्यासारखा. हसायला हवं होतं, पण कोणी हसलं नाही. ते झाडांकडे बघत म्हणाले, “येऊ दे तुझ्या करवतवाल्याला.”

ताई बोलणार इतक्यात वरून हाक आली. “मामा, टोपली पाठवा.”

ओर्सोला उतरलीच नव्हती. उलट आणखी वर गेली होती. तिनं दोन दांड्यांमध्ये गुडघा सरकवला, जरा वळवला, आणि दोन्ही हात सोडले. शिडी जणू तिच्याच मापानं केली होती. पाय बापाचे होते, लग्नाच्या वर्षीचे. इतकी वर्षं आम्ही त्याच पायांना नावं ठेवत आलो होतो.

मी टोपली वर पाठवली. शेंड्याजवळचे, दाजींचा हात ज्यांच्यापर्यंत दोन-तीन वर्षं पोचला नव्हता ते घड तिनं काढले. टोपली खाली आली आणि टोक मातीत रुतलं. कोणी हललं नाही.

“खाली झोपलात की काय?” वरून आवाज आला. “द्राक्षांचे बेदाणे व्हायला लागले!”

ताई पुढे झाली. दाजींनी तिला हातानं मागे सारलं, वाकले, टोपली उचलून रिकामी केली आणि मान वर करून ओरडले, “एवढी घाई असेल तर खाली उतर आणि स्वतः रिकामी कर!” शेवटच्या शब्दांवर त्यांचा आवाज फाटला. ते रडत होते, आणि लपवतही नव्हते.

ताई वर बघत होती. भीती तिच्या तोंडावर तशीच होती, पण ती मला म्हणाली, “जा, करवतवाल्याला सांग, येऊ नकोस म्हणावं.” मग नवऱ्याकडे वळली.

“सोस्यो, लाकूड काही आखडलेलं नाही.”

दाजींनी बाहीनं नाक पुसलं आणि रिकामी टोपली वर पाठवली.